चौदा सर्टिफिकेटं आहेत, पण कॉम्प्युटरवर पुस्तक सापडत नाही

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातनं एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, ते पाळते. पत्र चार पानी आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा इथं देते.

"मॅडम, मी १६ वर्षं वाचनालयात ग्रंथपाल आहे. बी.ए. झालंय, नंतर ग्रंथालय प्रमाणपत्र कोर्स केला. आमच्याकडं साडेनऊ हजार पुस्तकं आहेत. तीन वर्षांपूर्वी कमिटीनं कॉम्प्युटर घेतला आणि एका मुलाकडनं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. १,८०० पुस्तकांची एन्ट्री मी एकटीनं केली. आता तो मुलगा फोन उचलत नाही, आणि शोधायला गेलं की निम्मी पुस्तकं सापडतच नाहीत. लॉकडाऊनमध्ये मी १४ वेबिनार केले, सगळी सर्टिफिकेटं फाईलला लावलीत. नंतर दोन ऑनलाईन कोर्स जॉईन केले, दोन्ही दुसऱ्या आठवड्यातच सुटले. सगळं इंग्रजीत आणि भराभर बोलतात. आता अध्यक्ष म्हणतात एखादा एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रात एम.ए.सारखं) झालेला पोरगा बघूया. माझं वय ४३. अभ्यासिकेतली पोरं मोबाईलवर माझ्यापेक्षा पटापट शोधतात. मी कुठला कोर्स करू म्हणजे माझं काम टिकेल? का या वयात हे जमतच नसतं?"

ताई, वयाचं आधी सांगते. जमतं. मी सांगलीत कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली, तिथं पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा माझीही चाळिशी उलटली होती, आणि माझ्याहून मोठ्या एका शिपाईमामांनी सहा महिन्यात बारकोड लावण्यापासून देवघेवीपर्यंत सगळं हातात घेतलं, तेव्हा वयाची भीती डोक्यातनं काढून टाका. १,८०० पुस्तकांची एन्ट्री तुम्ही एकटीनं केलीय, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय पण माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

आता कोर्सचं. तुमची १४ सर्टिफिकेटं वाया गेली असं मी म्हणणार नाही, त्या दिवसांत तुम्ही घरी बसून दोन-दोन तास ऐकत होता म्हणजे शिकायची तळमळ होतीच. पण त्यातल्या बहुतेक वेबिनारला शेवटी फॉर्म भरला की सर्टिफिकेट मेलवर येत होतं, हाताला काही करायला लागत नव्हतं. आणि जे दोन कोर्स सुटले त्याचं कारण इंग्रजी हे अर्धंच आहे असं मला वाटतं. तिथं पहिल्या आठवड्यात मेटाडेटा सांगतात, दुसऱ्या आठवड्यात त्याचे प्रकार सांगतात, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयाचं कुलूप काढता, पेपर लावता, देवघेवीला बसता. त्या मेटाडेटाचा तिथं उपयोग कुठं करायचा हे कोणीच सांगितलेलं नसतं, मग चार दिवसात विसरायला होणारच, माणूस कितीही हुशार असला तरी. मेटाडेटा म्हणजे काय तर आपण कॅटलॉग कार्डावर लिहायचो ते, लेखक, नाव, प्रकाशक, साल, वर्गांक म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेला नंबर. तुम्हाला ते १६ वर्षं येतंय, फक्त त्या नावानं येत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की कोर्स नंतर, आधी तुमच्या रॅकमधली शंभर पुस्तकं. एक काम हातात घ्या आणि त्या कामात जिथं अडेल तेवढंच शिका. मग पुढचं अडेल, ते शिका.

पहिलं काम म्हणजे त्या १,८०० मधली निम्मी पुस्तकं का सापडत नाहीत ते बघणं. सॉफ्टवेअर उघडा, कुठलंही एक मराठी नाव कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तिथं मराठी अक्षरं नीट दिसली तर एन्ट्री युनिकोडमध्ये आहे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटर-मोबाईलवर मराठी सारखंच दिसणाऱ्या पद्धतीत, चांगली गोष्ट आहे. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस असलं काहीबाही आलं तर एन्ट्री जुन्या फॉन्टमध्ये झालीय, तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवरच ती मराठी दिसणार, बाकी कुठं नाही. हे माझ्यासोबत झालंय. आम्ही हजारो मराठी पुस्तकं अशा फॉन्टमध्ये भरली, आणि सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तेव्हा स्क्रीनवर नुसता खिचडा. आठ महिने परत तेच काम केलं, मी त्या दिवसांत घरी जाऊन कोणाशी बोलायची नाही इतका जीव विटला होता. तुमचं तसं निघालं तरी घाबरू नका, आता जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये बदलून देणारे फुकटचे कन्व्हर्टर ऑनलाईन मिळतात, फक्त बदलून आलेल्यातली वीस-पंचवीस नावं पुस्तक हातात घेऊन ताडून बघा, जोडाक्षरं हमखास बिघडतात.

समजा युनिकोडच निघालं, तरीही पुस्तकं सापडत नसतील. त्याचं एक कारण मी तुम्हाला जवळनं दाखवते कारण हे कुठल्या वेबिनारमध्ये मी ऐकलेलं नाही आणि आपल्या भागात रोज लागतं. 'साताऱ्याचा' हा शब्द घ्या. यातला तो अर्धा र, जो आडव्या रेघेसारखा य ला चिकटतो, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र घेऊन पाय मोडायचा आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह टाकायचं. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत. तुम्ही एन्ट्री एका कीबोर्डनं केली आणि शोधताना दुसरा कीबोर्ड वापरला की साताऱ्याच्या किल्ल्यावरचं पुस्तक समोरच्या रॅकमध्ये असतं आणि स्क्रीन म्हणते नाही. तसंच ॲ चं. ॲक्युप्रेशर, ॲडव्होकेट यातला ॲ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये ते २००८ साली आलं, त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र ठेवायचे आणि कित्येक जण अजून तसंच करतात. परत दोन वेगळे शब्द. हे एकदा कळलं की उपाय सोपा आहे, कुठला प्रकार वापरायचा ते ठरवा, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, आणि एन्ट्री एक्सेलमध्ये काढून घेऊन फाइंड अँड रिप्लेसनं सगळीकडं एकसारखं करा.

दुसरं कारण लेखकाचं नाव. आपल्या वाईचंच उदाहरण घ्या, विश्वकोशाचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. एखादा सेवक 'तर्कतीर्थ' पासून सुरू करतो, एखादा 'लक्ष्मणशास्त्री' पासून, एखादा 'जोशी, लक्ष्मणशास्त्री' असं आडनाव आधी, आणि कोणीतरी 'लक्ष्मण शास्त्री' असं तोडून. झाले चार लेखक. वाचक एकाच नावानं शोधणार आणि त्याला चारातलं एकच सापडणार. याला शिकवताना ऑथॉरिटी कंट्रोल असलं भारी नाव आहे, पण प्रमाणपत्र कोर्सला तुम्ही आडनाव आधी, मग नाव हे शिकलाय ना, तेच. एका वहीत किंवा दुसऱ्या शीटमध्ये ठरलेली नावं लिहून ठेवा आणि एन्ट्री करताना तिथनंच उचला. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं तुम्ही पाठ केलं असेल, वाचकाचा वेळ वाचवा, ते या कंटाळवाण्या वहीतनंच साधतं बघा.

आता ती शंभर पुस्तकं. गुगल शीट घ्या नाहीतर लिब्रे ऑफिस घ्या, ते एक्सेलसारखंच पण फुकट आहे. ज्या रॅकवर सगळ्यात जास्त मागणी असते तो रॅक घ्या. दाखल नंबर (पुस्तक वाचनालयात आलं की रजिस्टरला पडतो तो), नाव, लेखक, प्रकाशक, साल, वर्गांक, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख नंबर), किंमत, रॅक नंबर असे कॉलम करा. पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठावरचं नाही, आतल्या पानावरचं आणि त्याच्या मागच्या बाजूचं बघून लिहा. आयएसबीएन २००७ पासून १३ आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी सापडेल आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, नसेल तर कॉलम रिकामा सोडा, मनानं काही भरू नका. आणि तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर एक्सेल १३ आकड्यांचं ९.७८ई+१२ असलं काहीतरी करून टाकतं आणि १० आकडीतला पहिला शून्य गिळून टाकतं. दाखल नंबर सगळीकडं एकाच आकड्यात, निम्मे मराठीत निम्मे इंग्रजीत नकोत. शंभर झाली की फिल्टर लावायला शिका, मग सॉर्ट, मग डुप्लिकेट शोधणं. यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल आहेत, लिब्रे ऑफिसचे मराठीतही आहेत, छोटे छोटे व्हिडिओ असतात आणि त्यांची पद्धतच अशी की व्हिडिओ बघता बघता बाजूला स्वतः करून बघायचं. एक व्हिडिओ घरी बघायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात त्याच शंभर पुस्तकांवर करायचा. दिवसाला एकच. घाई नको.

हे झाल्यावर कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर बघा, त्याआधी नको. कोहा तुम्ही वेबिनारमध्ये ऐकलंच असेल. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल लागल्यावर चालणार नव्हतं, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी नवीन करून घेतलं आणि ते सगळ्यांसाठी फुकट खुलं करून टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मला हे नेहमी सांगावंसं वाटतं कारण आपल्याकडं कोहा म्हणलं की विद्यापीठाचं काहीतरी अवघड असं लोकांना वाटतं. लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, ते पैसे आणि ती जबाबदारी कमिटीनं घ्यायची, तुम्ही एकटीनं अंगावर घेऊ नका. तोवर डेमो साइटवर हात मारून बघायला काही हरकत नाही. तिथं मार्क २१ चे, म्हणजे पुस्तकाची माहिती ठरलेल्या रकान्यात भरायच्या पद्धतीचे, नंबर दिसतील, १०० ला लेखक, २४५ ला पुस्तकाचं नाव, ०२० ला आयएसबीएन, ०८२ ला ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीचा वर्गांक. तुमच्या शीटचे कॉलम आठवा. तेच आहेत. ज्या दिवशी हे तुम्हाला स्वतःहून दिसेल त्या दिवशी तुमचे ते सुटलेले कोर्स परत उघडा, भराभर बोललेलं इंग्रजीही कळायला लागेल, कारण ते कशाबद्दल बोलतायत हे आता तुम्हाला आधीच माहीत असेल.

कोर्स करायचाच असेल तर स्वयंम आहे, केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं, २०१७ च्या जुलैत सुरू झालं, ग्रंथालयशास्त्राचे कोर्स असतात, शिकणं फुकट आणि सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. ही परीक्षा खरी असते म्हणून त्या सर्टिफिकेटला मी मान देते. पण खरं सांगायचं तर पदाला लागणारी पात्रता कुठल्याही छोट्या ऑनलाईन कोर्सनं बदलत नाही. तुम्ही बी.ए. आहात, तेव्हा ज्याचा कागद म्हणून उपयोग होईल ते म्हणजे बी.लिब., ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणि ते नोकरी करत करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातनं किंवा इग्नूतनं होतं. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या साइटवर फुकट वाचायला मिळतात, ॲडमिशन घ्यायच्या आधी दोन धडे वाचून बघा, झेपतंय का ते कळेल. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

अभ्यासिकेतल्या पोरांचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मला थोडं वाईट वाटलं, कारण तिथं तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखताय. पोरं पटापट शोधतात, बरोबर आहे. पण शोधलेलं खरं का खोटं हे बघायला त्यांना कोणी शिकवलेलं नाही. पोलीस भरतीची जाहिरात म्हणून व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते, पोरं त्यावर फॉर्मचे पैसे भरून बसतात. तुम्ही त्यांना एवढंच शिकवा की जाहिरात कुठनं आली ते बघायचं, खात्याच्या स्वतःच्या साइटवर ती आहे का, तारीख कधीची आहे, पैसे कुणाच्या खात्यात जातायत. पुस्तक हातात घेतल्यावर लेखक कोण, प्रकाशक कोण, साल कुठलं हे तुम्ही आपोआप बघता, ती सवय इथं लावायची. एमपीएससीच्या पोरांना आयोगाच्या साइटवरच्या जुन्या प्रश्नपत्रिका, बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं, मराठी विश्वकोश, आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी, हे सगळं फुकट आणि खात्रीचं आहे. याची एक यादी क्यूआर कोड करून अभ्यासिकेच्या दाराला लावा. क्यूआर कोड करायला पाच मिनिटं लागतात, कोणतंही पोरगं दाखवेल, त्याच्याकडनं शिकायला लाजू नका. आणि हल्ली पोरं एआयला विचारतात, तिथं संदर्भासाठी पुस्तकांची नावं मागितली तर कधी कधी जगात नसलेलं पुस्तक लेखकासकट सांगितलं जातं, ते पुस्तक आहे का नाही हे तपासायला शेवटी तुमच्यासारखंच माणूस लागतं.

एक सांभाळा. सभासद नव्या पुस्तकाची पीडीएफ पाठवा म्हणतील, ग्रुपवर टाका म्हणतील. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं आपल्याकडं कॉपीराइट असतो. वाचनालयानं स्वतःकडचं जीर्ण पुस्तक जपण्यासाठी स्कॅन करून ठेवायला कायद्यात सोय आहे, पण ती जपायला, वाटायला नाही. स्पष्ट नाही म्हणा.

आता सगळ्यात निकडीचं, आणि हे आजच करा. तो सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही तर कमिटीच्या लेटरहेडवर त्याला पत्र द्या की आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये किंवा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) काढून द्या. सॉफ्टवेअर त्याचं असेल, पण डेटा वाचनालयाचा आहे. फाईल मिळाली की उघडताना मराठी बिघडलेलं दिसलं तर यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडून उघडा, बहुतेक वेळा नीट होतं. मग ती एक प्रत पेन ड्राईव्हवर आणि एक मेलवर. वाचनालयाच्या इमारतीत ठेवलेली प्रत बॅकअप नसते, हे मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिकले. माझ्या ओळखीचं नदीकाठचं एक वाचनालय आहे, पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो होतो, कपाटाच्या खालच्या खणात दाखल रजिस्टर होतं. उचललं तर हातात लगदा आला. शाई पसरून सगळी पानं निळी झालेली. पुस्तकं गेली ती गेलीच, पण आपल्याकडं काय काय होतं हे सुद्धा त्या लोकांना नंतर सांगता येईना, पंचनाम्याला नुसता अंदाजे आकडा. तिथले ग्रंथपाल पायरीवर बसून आठवतील तशी नावं एका कागदावर लिहीत होते. तुमच्या दाखल रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा ताई, रोज वीस पानं, महिन्याभरात होईल, आणि हाताचं रजिस्टर मात्र चालूच ठेवा, कॉम्प्युटर आला म्हणून ते बंद करू नका.

अध्यक्षांचं राहिलं. काम टिकेलच असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि नव्या पोराचाही राग धरू नका, तो आला तरी साडेनऊ हजार पुस्तकं कुठं आहेत आणि गावात कोण काय वाचतं हे त्याला तुम्हालाच विचारायला लागणार. पण पुढच्या मीटिंगला सर्टिफिकेटांची फाईल नेऊ नका. त्या शंभर पुस्तकांच्या रॅकची छापील यादी न्या, लेखकवार एक आणि विषयवार एक, आणि खाली लिहा यातली किती पुस्तकं दोन वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत. हे तुमच्या देवघेव रजिस्टरवरनं एका दुपारी निघतं. मग सांगा, असे अजून इतके रॅक आहेत, दिवसाला पंधरा पुस्तकं धरली तर मला इतके दिवस लागतील, आणि मदतीला अभ्यासिकेतली दोन पोरं संध्याकाळी तासभर द्या.

शंभर पूर्ण झाली की शीट मला पाठवा, मी लेखकांची नावं बघून देते. पाठवायच्या आधी एकदा 'साताऱ्याचा' कॉम्प्युटरवरनं शोधा आणि एकदा मोबाईलवरनं.